चेस्टर बोल्स दिल्लीत पाठवले गेले की स्वतःहून आले?

'गव्हर्नर राहिलेल्या माणसाला भारतात राजदूत करणं म्हणजे त्याला अडगळीत टाकणंच ना?' हा तुमचा प्रश्न. अमेरिकेचे चेस्टर बोल्स दोनदा भारतात राजदूत म्हणून आले. १९५१ साली मुळीच नाही. १९६३ साली बऱ्याच अंशी हो.

बोल्स मूळचे जाहिरात व्यवसायातले. युद्धकाळात किंमत नियंत्रणाचं खातं सांभाळून ते १९४८ला अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तेव्हा मुदत दोनच वर्षांची. १९५०ला जॉन लॉज यांनी त्यांना हरवलं (पुढे हे लॉजही स्पेनला राजदूत झाले!). त्यानंतर भारत बोल्स यांनी स्वतः मागून घेतला. इथे त्यांनी मोठं सरकारी निवासस्थान सोडून लहान घर घेतलं, मुलांना भारतीय शाळेत घातलं. २ ऑक्टोबर १९५२ला ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तिला अमेरिकी मदत मिळवून देण्यात त्यांचा मोठा हात होता. विहिरी, बियाणं, खत, मलेरिया, हे त्यांचे आवडते विषय. राज्य चालवलेल्या माणसाची ही नजर मला फार मोलाची वाटते.

राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना परराष्ट्र खात्यात दुसऱ्या क्रमांकाचं पद दिलं. पण अमेरिकेच्या क्यूबावरच्या फसलेल्या स्वारीला त्यांचा विरोध होता, आणि तो बाहेर फुटला. नोव्हेंबर १९६१मध्ये पद गेलं. १९६३ची दिल्ली ही त्यानंतरची, म्हणून 'बऱ्याच अंशी हो'.

या दुसऱ्या खेपेला भारताला अमेरिकी शस्त्रं मिळावीत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. मे १९६४मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्याच बोलणीसाठी अमेरिकेत होते. २७ तारखेला नेहरू गेले आणि चव्हाणांना तातडीने परतावं लागलं. अमेरिकेने लढाऊ विमानं दिलीच नाहीत, आणि भारत मॉस्कोकडे वळला.

तरी निर्णय अंगावर घ्यायची गव्हर्नराची सवय सुटली नव्हती. ६ मार्च १९६७च्या संध्याकाळी स्टालिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीच्या अमेरिकी दूतावासात आश्रय मागायला येऊन उभी राहिली. बोल्स आजारी होते. त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं, की मध्यरात्रीपर्यंत उत्तर आलं नाही तर माझ्या जबाबदारीवर व्हिसा देतो. त्याच रात्री ती रोमच्या विमानात होती.