वाचकांचे प्रश्न : आधी विरोधकाचं म्हणणं मांडा

मागच्या अंकात मध्ययुगीन युरोपातल्या युनिव्हर्सिट्यांवर छोटा लेख दिला होता, त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले. बऱ्याच जणांचा रोख एकच होता, की तो काळ म्हणजे नुसता अंधार आणि चर्चची दादागिरी, त्यात ज्ञानबिन कुठलं आलं. म्हणून यावेळी त्यातलेच प्रश्न घेतेय.

चर्चच्या हातात सगळी सत्ता होती तर त्यांनी युनिव्हर्सिट्या निघूच कशा दिल्या? स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला का? (एक वाचक, नाशिक)

पहिल्या दोन मोठ्या युनिव्हर्सिट्या कोणी ठरवून काढल्याच नाहीत, त्या हळूहळू जमत गेल्या. इटलीत बोलोन्याला ११व्या शतकाच्या शेवटापासून रोमन कायदा शिकवणारे लोक होते आणि त्यांच्याकडे लांबलांबून विद्यार्थी यायचे. परक्या गावात त्यांच्या पाठीशी कोणी नाही, घरमालक वाट्टेल ते भाडं लावणार, आणि वर त्यांच्या मुलखातल्या दुसऱ्याच कोणी कर्ज बुडवलं तर वसुलीसाठी यांना धरणार! सम्राट फ्रेडरिक बार्बरोसाने १२व्या शतकाच्या मध्याला हुकूम काढून हे असं धरणं बंद केलं. पुढे विद्यार्थ्यांनी चक्क युनियनच केली. फी तेच द्यायचे त्यामुळे नियमही त्यांचेच, मास्तर उशिरा आला तर दंड, अवघड भाग गाळून पुढे गेला तरी दंड, आणि गाव सोडून जायचं तर आधी विद्यार्थ्यांची परवानगी.

पॅरिसमध्ये युनियन मास्तरांची होती. १२२९ मध्ये कार्निव्हलच्या दिवसांत एका दारूच्या गुत्त्यात बिलावरून विद्यार्थ्यांची मारामारी झाली, विद्यार्थी मार खाऊन परत गेले आणि दुसऱ्या दिवशी दंडुके घेऊन आले, मग राजमाता ब्लांशच्या हुकमावरून शिपायांनी जी कारवाई केली त्यात काही विद्यार्थी मेले. मास्तरांनी शिकवणं बंद केलं, बरेचसे शहरच सोडून गेले, आणि हा संप दोन वर्षं चालला. शेवटी १२३१ मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने मध्ये पडून त्यांना स्वतःचे नियम करायचा आणि अन्याय झाला तर शिकवणं थांबवायचा हक्क लेखी दिला. चर्चचा यात स्वार्थ होताच, कारण त्यांना कायदा जाणणारे, हिशोब आणि पत्रव्यवहार सांभाळणारे, पाखंडी मतांशी वाद घालू शकणारे शिकलेले लोक हवे होते, आणि तसे लोक तयार करायचे म्हणजे त्यांना वाद घालायला शिकवणं आलंच.

पण अॅरिस्टॉटल वाचायलाही बंदी होती असं वाचलंय. मग स्वतंत्र विचार कसला डोंबलाचा? (एक वाचिका, सांगली)

बंदी होती, खरं आहे. १२१० मध्ये पॅरिसला भरलेल्या बिशपांच्या सभेने ठरवलं की अॅरिस्टॉटलची निसर्गावरची पुस्तकं जाहीरपणे किंवा खाजगीतही शिकवायची नाहीत, शिकवली तर धर्माबाहेर. १२१५ मध्ये पुन्हा तेच. कारण उघड आहे, जग अनादि आहे असं अॅरिस्टॉटल म्हणतो आणि बायबल म्हणतं ते देवाने निर्माण केलं. पण पुढे काय झालं ते बघा. १२२९ मध्ये, म्हणजे पॅरिसचा संप चालू असतानाच, नव्याने निघालेल्या तुलूझच्या युनिव्हर्सिटीने पत्र धाडलं की पॅरिसला बंदी असलेली पुस्तकं आमच्याकडे ऐकायला मिळतील, या! आणि १२५५ मध्ये पॅरिसच्याच आर्ट्स फॅकल्टीने तीच पुस्तकं अभ्यासक्रमात घातली. बंदीपासून सक्तीपर्यंत पंचेचाळीस वर्षं.

ही पुस्तकं आली कुठून, तर काही थेट ग्रीकमधून आणि बरीच अरबीतून. स्पेनमधलं टोलेडो शहर १०८५ मध्ये ख्रिश्चन राजाने जिंकलं पण तिथले अरबी ग्रंथ आणि ते वाचू शकणारे लोक तिथेच राहिले. क्रेमोना गावचा जेरार्ड नावाचा माणूस टॉलेमी या प्राचीन ग्रीक खगोलज्ञाचा ग्रंथ शोधत टोलेडोला गेला, अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच अनुवाद करत राहिला, सत्तरच्या आसपास ग्रंथ! पुढे स्पेनमधल्या कोर्दोबाचा मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द याची अॅरिस्टॉटलवरची भाष्यं लॅटिनमध्ये आली तेव्हा ती इतकी मानली गेली की ख्रिश्चन पंडित त्याला नाव न घेता नुसतं 'भाष्यकार' म्हणायचे.

आता वादाची पद्धत, कारण माझ्या मते या सगळ्या काळाचा गाभा तिथे आहे. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी मांडतात ना, अगदी तसंच. पॅरिसला शिकवणाऱ्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताचा मोठा ग्रंथ उघडा, देव आहे का हा प्रश्न येतो, आणि उत्तराची सुरुवात होते 'देव नाही असं दिसतं' इथून! मग दोन आक्षेप. एक, देव अनंत चांगला असेल तर जगात वाईट असायलाच नको, पण ते तर आहे. दोन, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाच्या कारणांनी आणि माणसाच्या गोष्टी माणसाच्या बुद्धीने समजावता येतात, मग देव मानायची गरजच काय? हे १३व्या शतकातल्या संन्याशाने लिहिलंय, आणि मुलांच्या हातात द्यायच्या ग्रंथात लिहिलंय. त्यानंतर त्याची स्वतःची उत्तरं येतात, शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. उत्तरं कोणाला पटोत न पटोत, पण विरोधकाचं म्हणणं टाळून पुढे जाता येत नव्हतं.

याचं मूळ शंभर वर्षं मागे, पीटर अबेलार या फ्रेंच मास्तराकडे जातं. त्याने १५८ प्रश्न घेतले आणि प्रत्येकाखाली धर्मगुरूंचीच एकमेकांना छेद देणारी वचनं ठेवली, उत्तर न देता. शंका घेतल्याने आपण शोधायला लागतो आणि शोधल्याने सत्यापर्यंत पोचतो, असं त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्याची किंमतही त्याने मोजली, ११२१ मध्ये फ्रान्समधल्या स्वासाँला भरलेल्या चर्चच्या सभेत त्याला स्वतःचं एक पुस्तक स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावलं.

म्हणजे मोकळं रान होतं असं अजिबात नाही. ७ मार्च १२७७ ला पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. पण त्या यादीतली एकदोन विधानं बघा, 'धर्मशास्त्र्यांचं बोलणं दंतकथांवर उभं आहे', 'जगात शहाणे काय ते फक्त तत्त्वज्ञ'. अशी वाक्यं वर्गांत फिरतायत अशी नुसती भीती असली तरी तिथली हवा काय होती ते कळतं. काही विधानं तर थॉमसच्याही मतांना लागत होती, तो आधीच १२७४ मध्ये वारला होता. १३२३ मध्ये त्याला संत केलं आणि दोनच वर्षांनी त्याच्यापुरती ती बंदी मागे घेतली.

छपाई नव्हती तर इतक्या विद्यार्थ्यांना पुस्तकं मिळायची कशी? (कॉलेजचा विद्यार्थी, लातूर)

भाड्याने, आणि तेही सुट्या गठ्ठ्यांनी! युनिव्हर्सिटीच्या देखरेखीखाली पुस्तकविक्रेते असायचे, त्यांच्याकडे ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत न बांधता सुट्या भागांत ठेवलेली. एक भाग बहुतेक वेळा चार पानांचा, म्हणजे आठ पृष्ठं. तो भाड्याने न्यायचा, नकलून घ्यायचा, परत द्यायचा, पुढचा न्यायचा. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या कितीतरी नकला एकाच वेळी चालायच्या. भाडं किती हे युनिव्हर्सिटी ठरवायची, पॅरिसचे असे दरपत्रक आजही आहेत, १२७५ च्या सुमाराचं आणि १३०४ चं. जुन्या हस्तलिखितांच्या समासात कितवा भाग सुरू झाला त्याच्या बारीक खुणा दिसतात. कधी कधी पुढचा भाग दुसऱ्याने नेलेला असायचा, मग लेखनिक जागा कोरी सोडून त्याच्या पुढचं लिहायला घ्यायचा आणि नंतर येऊन भरायचा, आणि अंदाज चुकला की शेवटच्या ओळी दाटीवाटीने कोंबलेल्या किंवा उगाच पसरलेल्या. लिहायचं कातड्यावर, मेंढी नाहीतर वासराच्या. चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून, अर्धगोल सुरीने पातळ केलेलं. नीट बघितलं तर केसांची बाजू पिवळसर आणि मांसाची पांढरी दिसते.

तेव्हा पृथ्वी सपाट मानायचे ना? (वाचिका, डोंबिवली)

शिकलेले लोक नाही. १२३० च्या आसपास सॅक्रोबोस्को नावाच्या मास्तराने खगोलाचं छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते १७व्या शतकापर्यंत शिकवलं जात होतं आणि त्यात पृथ्वी गोल असल्याची कारणं दिलीत. एकच चंद्रग्रहण पूर्वेकडच्यांना रात्री उशिरा आणि पश्चिमेकडच्यांना लवकर दिसतं, आणि किनाऱ्यावरची खूण जहाजाच्या डेकवरून दिसत नाही पण डोलकाठीच्या टोकावरून दिसते. सपाट पृथ्वीची गोष्ट १९व्या शतकात कोलंबसच्या चरित्रातून पसरली.

भारताचा या सगळ्याशी काही संबंध? (वाचक, मडगाव)

आहे, आणि थेट आहे, आकड्यांमधून. उत्तर स्पेनमधल्या एका मठात ९७६ मध्ये लिहिलेल्या लॅटिन हस्तलिखितात आपले नऊ अंक येतात, शून्य सोडून, आणि तिथेच भारतीयांच्या बुद्धीची तारीफही केलीय. शून्यासकट पूर्ण हिशोबाची रीत मात्र बगदादच्या अल-ख्वारिझ्मीच्या पुस्तकातून आली, ज्याची मूळ अरबी प्रत हरवली आणि लॅटिन अवतार उरला. मग पिसाचा लिओनार्डो, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, त्याचे वडील आजच्या अल्जेरियातल्या बुजी बंदरावर पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघायचे, तिथे तो हे अंक शिकला आणि १२०२ च्या त्याच्या ग्रंथात सुरुवातीलाच लिहितो की भारतीयांचे अंक नऊ आहेत आणि त्यात शून्याची खूण मिळवली की कोणतीही संख्या लिहिता येते. लगेच सगळ्यांनी स्वीकारलं असं नाही झालं, फ्लोरेन्समध्ये सराफांच्या संघटनेने १२९९ मध्ये हिशोबाच्या वहीत हे अंक वापरायला मनाई केली. आणि त्याच शहराचा इतिहासकार व्हिलानी १३३८ च्या सुमारास नोंदवतो की सहा शाळांमध्ये हजार ते बाराशे मुलगे याच अंकांनी व्यापारी हिशोब शिकतायत.