मुलीला जर्मनीला पाठवलेला फराळ कस्टममध्ये अडकतो, काय करावं?

गेल्या दिवाळीत तुम्ही साताऱ्याहून पाठवलेला डबा तीन आठवडे अडकला, वर मुलीला पैसेही भरावे लागले, आणि यंदा तसं होऊ नये म्हणून तुम्ही विचारताय. मी आठ वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो, आईचा डबा दरवर्षी येतो. अनुभवाने सांगतो, डबा अडकतो इथे, पण अडकण्याचं कारण बहुतेक वेळा तिकडच्या काउंटरवरच्या फॉर्मात असतं.

आमच्या गावच्या कुरिअर एजंटने एकदा फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट आयटम' लिहिलं आणि किमतीच्या रकान्यात शून्य. वर पाठवणारा म्हणून आईऐवजी स्वतःच्या फर्मचं नाव टाकलं. फ्रँकफर्टहून खोकं थेट आमच्या भागातल्या कस्टम ऑफिसात गेलं आणि मला पत्र आलं. अर्धा दिवस रजा टाकून गेलो. तिथे खोकं आपणच उघडायचं असतं, कटर ते देतात. चकल्या, शंकरपाळे बघून बाई काही बोलल्या नाहीत. पण बिनलेबलची पिवळी पूड निघाली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मेतकूट म्हणजे काय हे जर्मनमध्ये सांगून बघा एकदा! शेवटी 'भाजलेल्या डाळींचं पीठ, भातावर घ्यायचं' एवढ्यावर सुटका झाली.

तर नियम असा. एका खाजगी माणसाने दुसऱ्याला फुकट पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त आहे, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये. घरचा पाच किलो फराळ त्यात आरामात बसतो. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचं किंवा फर्मचं नाव आलं की मात्र ती भेट राहत नाही, खरेदी होते. मिठाईवाल्याकडून परस्पर पाठवलंत तरी तेच. जुन्या उत्तरांत २२ युरोंपर्यंतच्या खरेदीला सूट असल्याचं वाचाल, ती १ जुलै २०२१ पासून बंद आहे. आता खरेदीवर पहिल्या युरोपासून व्हॅट, आणि ज्याने पार्सल आणलं तो स्वतःची हाताळणी फी वेगळी लावतो. तुमच्या मुलीने भरलेल्या पैशांत कर किती आणि फी किती, ते पावतीवर बघा. माझ्या वेळी फीच जास्त होती.

म्हणून यंदा पोस्टात स्वतः जा. कस्टमच्या फॉर्मवर पाठवणारे म्हणून तुमचंच नाव, 'गिफ्ट'वर खूण, आणि एकेक जिन्नस इंग्रजीत, वजन आणि खरी किंमत घालून. चकली म्हणजे तांदळाचा तळलेला खारा पदार्थ, असं त्यांना कळेल ते लिहा. किंमत शून्य लिहू नका, कुणी विश्वास ठेवत नाही. त्याच यादीची एक प्रत खोक्यात वरच ठेवा आणि फोटो मुलीला पाठवा, बोलावणं आलंच तर तिला दाखवता येईल. मेतकूट, चटण्या, मसाले यांच्या पिशव्यांवर नाव चिकटवा.

वेळेचा भरवसा धरू नका. आमचा डबा एकदा नऊ दिवसांत आला, एकदा पाच आठवडे लागले. चकली टिकते, तेव्हा नवरात्रातच पाठवून मोकळे व्हा. मधल्या काळात मुलीला 'कस्टमचे पैसे भरा' असा लिंकवाला एसएमएस आला तर तो झोल आहे, जर्मन कस्टम असं पैसे मागत नाही.

आणि दूध. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या सापडल्या की जप्त होतात. बेसनाचे लाडू आमचे दरवेळी सुटले, पण त्याची हमी मी देणार नाही. तुपाची बरणी तर घालूच नका. इथे प्रत्येक दुकानात बिनमिठाचं लोणी मिळतं, मुलीला व्हिडिओ कॉलवर कढवायला शिकवा.