डोळे बांधून रंग ओळखायच्या क्लासला मुलाला घालू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सोलापूरला अशोक चौकात राहतो. मुलगा तिसरीत आहे, हुशार आहे पण अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो. इथे एक क्लास सुरू झालाय, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि मुलं नुसता हात लावून कार्डाचा रंग सांगतात. त्यानं एकाग्रता वाढते म्हणे. फी बरीच आहे, भरू का?

उत्तर : नका भरू. रंग हा उजेडाचा प्रकार, बोटाच्या कातडीला तो कळायचा काही मार्गच नाही. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाशेजारी खाली फट राहते, तिथनं दिसतं. खात्री करायची तर कार्ड मुलाच्या डोक्याच्या वर धरा आणि मग हात लावून रंग सांगायला सांगा. मिडब्रेन ॲक्टिव्हेशन, म्हणजे मध्यमेंदू जागा करणं, म्हणून हे विकतात, पण मध्यमेंदू काही झोपलेला नसतो, उजेड पडला की डोळ्याची बाहुली बारीक होते ती त्याच्यामुळंच. मला राग याचा येतो की एवढ्याशा पोराला चोरून बघायची सवय लागते आणि आपण टाळ्या वाजवतो.

स्पर्शाचा सराव ही गोष्ट मात्र खरी आहे बरं का. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन ठिपके वेगळे कळतात, कोपराखाली तेवढ्यालाच तीन-चार सेंटीमीटर लागतात. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालघर काढलं, तिथं मुलं डोळे झाकून कापडाच्या जोड्या लावायची, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरनं बोट फिरवायची. अमेरिकेत २०११ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात मोठ्या माणसांनी ८ आठवडे शरीराच्या एकेका भागाकडं लक्ष न्यायचं ध्यान केलं, आणि मग हाताकडं लक्ष द्या म्हटलं की मेंदूतल्या हाताच्या भागातल्या अल्फा लहरी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा एक प्रकार) त्यांना जास्त चांगल्या वरखाली करता येत होत्या. गट लहान होता, आणि यावरनं मार्क वाढतात असं कुणी म्हणू नये, पण लक्ष वळवायचा सराव होतो एवढं नक्की.

आणि सोलापुरात सामान शोधायला नको. एका पिशवीत टर्किश टॉवेलचा तुकडा, चादरीचा काठ, सुती पंचा, इरकलचा पदर असं घाला. हात आत घालून, न बघता, सावकाश चाचपायचं, बाहेर काढायच्या आधी सांगायचं की काय आहे आणि कशावरनं कळलं. टॉवेलचे फासे बोटात अडकतात, पंचा सपाट लागतो, हे त्यानं स्वतःच्या शब्दात सांगायला पाहिजे, कारण घाईत हात फिरवला तर काहीच कळत नाही आणि सावकाश फिरवला की लक्ष आपोआप तिथंच राहतं. सोपं झालं की तूर, मूग, हरभरा आणि ज्वारी एकत्र करून डोळे मिटून निवडायला द्या. पाच-सात मिनिटं बास, फोन दुसऱ्या खोलीत, चुकलं तर ओरडायचं नाही, आणि उठल्यावर लगेच अभ्यासाची एकच छोटी गोष्ट पुढं ठेवायची.

शाळेतनंही हीच तक्रार सहा महिन्यांपासून येत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्याआधी डोळ्यांचा नंबर आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचं नीट दिसत नसलं तरी मूल असंच चुळबूळ करतं.