येमेनवरचे हल्ले आणि ६० दिवसांची मुदत: अमेरिकी काँग्रेसच्या हातात नक्की काय असतं?

प्रश्न असा आहे: १९७३ च्या युद्धाधिकार ठरावानुसार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीविना अमेरिकी सैन्याला ६० दिवसांपलीकडे लढता येत नाही. मग तांबड्या समुद्रातली जहाजं वाचवण्यासाठी जानेवारी २०२४ पासून हुथींवर, म्हणजे येमेनमधल्या बंडखोर गटावर, महिनोन्महिने हल्ले चालले कसे?

मुदत मोजायची कुठून, तिथेच गोम आहे. या ठरावाच्या कलम ४(अ) नुसार राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत अहवाल द्यायचा. त्याची तीन पोटकलमं आहेत: प्रत्यक्ष चकमक, शस्त्रसज्ज सैन्य परदेशी हद्दीत पाठवणं आणि तिथल्या आधीच्या तैनातीत मोठी वाढ करणं. ६० दिवसांचं बंधन फक्त पहिल्याला आहे. म्हणून व्हाइट हाउस पत्र पाठवतं, पण त्यात पोटकलमाचा उल्लेख टाळतं. पहिल्या पोटकलमाचा स्पष्ट उल्लेख असलेला अहवाल एकच, १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दिलेला. कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने पकडलेल्या 'मायाग्वेझ' या मालवाहू जहाजाच्या सुटकेबद्दलचा. तो काँग्रेसकडे गेला तोवर कारवाई जवळजवळ आटोपलीच होती.

दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येक हल्ला सुटा धरायचा. एक संपला की मोजणी पुन्हा शून्यावर. १९८७-८८ मध्ये इराणच्या आखातात ११ कुवेती टँकरांवर अमेरिकी झेंडा चढवून नौदलाने त्यांना सोबत दिली, तेव्हाही असंच झालं. प्रतिनिधिगृहाचे ११० सदस्य रेगन यांच्याविरुद्ध कोर्टात गेले. कोर्टाने दावा फेटाळला; कारण साधारण असं, की काँग्रेसमध्येच एकमत नसेल तर ते भांडण न्यायालयात आणू नका.

२०२४ मध्ये नेमका वाद स्वसंरक्षणाचा होता. नौकेवर येणारा ड्रोन पाडणं वेगळं आणि येमेनच्या जमिनीवरचे रडार, क्षेपणास्त्रतळ उडवणं वेगळं. २३ जानेवारीला केन, यंग, मर्फी आणि ली या चार सेनेटरांनी बायडन यांना पत्र लिहून नेमकं तिथेच बोट ठेवलं: त्या मार्गावरची बहुतेक जहाजं अमेरिकी नाहीत, मग राष्ट्राध्यक्षाचा स्वसंरक्षणाचा अधिकार कुठवर पुरतो? माझ्या मते त्या वर्षातला हा सर्वांत नेमका प्रश्न होता, आणि दोन्ही पक्षांच्या सेनेटरांनी मिळून विचारला हे महत्त्वाचं.

'पैसे मंजूर केले म्हणजे संमती दिलीच की' असं काही जण म्हणतात. ते चूक आहे. एप्रिल २०२४ च्या पुरवणी कायद्यात तांबड्या समुद्रातल्या कारवाया आणि वापरलेल्या दारूगोळ्याची भरपाई यांसाठी २.४४ अब्ज डॉलर दिले गेले. पण १९७३ च्या ठरावाचं कलम ८ सांगतं, की खर्चाच्या तरतुदीवरून लढाईची परवानगी गृहीत धरायची नाही. तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

कारवाई थांबवायचा ठराव करता येतो, पण १९८३ च्या चढ्ढा खटल्यानंतर (काँग्रेसचा निर्णय राष्ट्राध्यक्षाकडे न पाठवता बंधनकारक होत नाही, असा त्याचा निकाल) त्यावर राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार चालतो असं धरलं जातं. म्हणजे प्रत्यक्षात दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. २०१९ मध्ये सौदीला येमेनमध्ये दिलेली मदत थांबवण्याचा ठराव दोन्हीकडे मंजूर झाला, ट्रम्प यांनी तो फेटाळला आणि सेनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ वर अडकला.

जर्मनीत उलटा क्रम आहे: आधी संसदेची मंजुरी, मग सैन्य. तांबड्या समुद्रातल्या जहाजांच्या संरक्षणासाठीच्या युरोपीय संघाच्या 'अस्पिडेस' मोहिमेसाठी 'हेसन' या युद्धनौकेला बुंडेस्टागने (जर्मन संसदेने) २३ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली: कमाल ७०० सैनिक, मुदत फेब्रुवारी २०२५ अखेर, जमिनीवर हल्ला नाही. खासदार सरकारच्या प्रस्तावात बदल करू शकत नाहीत, हो किंवा नाही एवढंच. पण सैन्य परत बोलवायचा अधिकार त्यांच्याकडे राहतो.

आपल्याकडे नौदल पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी असा कायदाच नाही. प्रश्नोत्तरं, अर्थसंकल्पी मागण्या, संरक्षणविषयक स्थायी समिती आणि कॅग, एवढीच साधनं. २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याचं विधेयक मात्र स्थायी समितीकडे गेलं होतं, आणि त्यानंतर शिक्षेच्या तरतुदी सुधारल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' या अपहृत जहाजावर भारतीय नौदलाने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले, ते या कायद्याच्या जोरावर. हुथींना तो लावणं मात्र अवघड आहे: चाचेगिरी ठरायला हेतू खासगी असावा लागतो, आणि त्यांचा राजकीय आहे.