पाकिटावर 'चिकन', तरीही ॲलर्जी : कंपनीविरुद्ध दाद मागता येईल का?

प्रश्न : माझ्या मुलाला मटण, बीफ, पोर्क अशा सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी आहे, चिकन आणि मासे चालतात. फ्रोझन चिकन सॉसेज खाल्ल्यावर चार तासांनी त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, रात्री इस्पितळात न्यावं लागलं. पाकिटामागे बारीक अक्षरात 'कोलाजेन केसिंग' लिहिलेलं होतं. ॲलर्जीच्या सूचनेत फक्त सोया होतं. कंपनी म्हणते, लेबल नियमानुसारच आहे. काय करावं? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, दाद मागता येईल. पण 'ॲलर्जीची सूचना दिली नाही' एवढ्याच मुद्द्यावर जाऊ नका, तो टिकणार नाही. २०२० च्या लेबलिंग विनियमांत ॲलर्जीकारक पदार्थांचे आठच गट आहेत : ग्लूटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट. मांस त्यात नाही. मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणही कोंबडीला आणि डुकराला एकच. तुमच्या मुलासारख्यांना या नियमांनी वाऱ्यावर सोडलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे. 'चिकन' म्हणून विकलेल्या वस्तूचं आवरण कोणत्या प्राण्याचं, हे कंपनीने सांगितलंच नाही. कोलाजेन केसिंग, म्हणजे सॉसेजवरचं हे आवरण, बहुधा गुरांच्या किंवा डुकराच्या कातड्यापासून बनतं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावलं, की घटकांचे नुसते कोड छापून भागणार नाही, त्यांचा उगम वनस्पतीतला की प्राण्यातला हेही उघड करायला हवं. तो वाद शाकाहारींच्या हक्काचा होता. पण आपण काय खातोय हे खाणाऱ्याला कळलं पाहिजे, हे तत्त्व तुमच्याही कामाचं आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ खाली सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडे मागता येते.

सगळं अडेल ते पुराव्यावर. चार तासांचं अंतर दाखवून 'मध्ये दुसरं काही खाल्लं असेल' असं कंपनी म्हणणारच. म्हणून या ॲलर्जीत त्रास काही तास उशिराच होतो, हे ॲलर्जीतज्ज्ञांकडून लेखी घ्या. रिकामं पाकीट, बॅच नंबर, बिल, इस्पितळाचे कागद जपा. केसिंग कोणत्या प्राण्याचं, असं कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने विचारा. उत्तर टाळलं तर तेही ग्राहक आयोगापुढे ठेवता येतं. त्याच बॅचचं पाकीट मिळालं तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. मात्र तपासणीचा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. ही अट बहुतेकांना माहीत नसते. केसिंगवर इतकी प्रक्रिया झालेली असते की चाचणीतून प्राणी ओळखू येईलच असं नाही, म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करा. कारखान्याच्या खरेदीच्या नोंदी ते तपासू शकतात.

तक्रार ठाण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल, मुदत दोन वर्षांची. तुमच्या तक्रारीला शुल्क नाही. तोवर 'जिलेटिन', 'प्राणिज चरबी' किंवा 'आयएनएस ४७१' (प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकणाऱ्या एका घटकाचा कोड) लिहिलेलं पाकीट, त्याचा उगम कंपनीकडून लेखी कळल्याशिवाय, मुलाला देऊ नका.