गल्फ स्ट्रीमच्या कडेवर सुरुवात करताना

गल्फ स्ट्रीम म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा उबदार सागरी प्रवाह. त्याच्या कडेवरचे छोटे भोवरे अभ्यासायला घेताना आधी अख्ख्या प्रवाहाचा नाद सोडा. त्याच किनाऱ्यावरच्या केप हॅटरस या भूशिराजवळचा एक तुकडा घ्या, तोही हिवाळ्यातला. थंडीत समुद्राचा वरचा मिसळलेला (घुसळून एकसारखा झालेला) थर खोल जातो आणि एक ते दहा किलोमीटरच्या भोवऱ्यांना, तंतूंना (पाण्याच्या लांब, अरुंद पट्ट्यांना) भरपूर ऊर्जा मिळते. उपग्रहाने टिपलेल्या उन्हाळ्यातल्या तापमान-चित्रांनी सुरुवात केलीत तर उगाच हिरमोड व्हायचा.

मग एक आकडेमोड, कागदावरच. 5 किलोमीटरमध्ये वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला, तर भागाकार येतो 0.0001. तिथला कोरिऑलिस गुणक (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम सांगणारा आकडा) साधारण 0.000085. गुणोत्तर एकच्या वर गेलं की नाही? मोठ्या भोवऱ्यांसाठी शिकलेला जिओस्ट्रॉफिक समतोल (पाण्याच्या दाबाचा जोर आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एकमेकांना तोलतात तो) इथे एकटा पुरत नाही.

नवखे हमखास घसरतात ते इथे:

- एक किलोमीटर चौकटींच्या जाळीच्या संगणक-मॉडेलमध्ये एक किलोमीटरचा भोवरा दिसत नाही. त्याला किमान पाच-सहा चौकटी लागतात.
- तापमानाची कड (जिथे ते झपकन बदलतं ती रेषा) म्हणजे घनतेची कड नव्हे. प्रवाहाचं पाणी उबदार पण जास्त खारट, किनाऱ्याकडचं थंड पण कमी खारट. घनतेतला फरक बराचसा तिथेच फिटतो.
- उपग्रह-चित्रातले ढग गाळणारा प्रोग्रॅम. माझी एक झकास थंड कड त्याने ढग समजून पुसली आणि मी आठवडाभर ‘इथे काहीच नाही’ म्हणत बसलो! गाळण्याआधीचं चित्र उघडून बघाच.

डिसेंबर 2022 मध्ये सोडलेल्या, समुद्रपृष्ठाची उंची मोजणाऱ्या स्वॉट उपग्रहाची चित्रं मोहात पाडतील, पण त्यांत अंतर्गत लाटाही (पाण्याच्या आतल्या थरांमधल्या) मिसळलेल्या असतात. ती दोन-तीन महिन्यांनी उघडा.