ईएसआय सुटतंय, आता खासगी पॉलिसी घ्यावी का?

भांडुपच्या एका वाचकाने विचारलंय: 'जुलैत पगार 20,800 वरून 23,500 झाला, म्हणजे ईएसआय जाणार. बायकोला मधुमेह आहे, आई 72 वर्षांची. खासगी पॉलिसी घेतली तर घरच्यांची तब्येत जास्त चांगली राहील का?'

आधी घाबरणं थांबवा. ईएसआय म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा सरकारी विमा, महिन्याला 21,000 पर्यंत पगार असलेल्यांसाठी. ही मर्यादा एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्येच ओलांडली तरी 30 सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापली जाते, आणि तिच्यावर पुढच्या जूनअखेरपर्यंत उपचार मिळतात.

आता तब्येतीचं. आजवर तुमच्या पगारातून महिन्याला 156 रुपये जात होते आणि त्यात वहिनींच्या गोळ्या, रक्ततपासण्या, सगळं येत होतं. रांगेत अर्धा दिवस जातो, कबूल. मीही आईला घेऊन बसलोय तसा, हातात केसपेपर, मांडीवर डबा. पण खासगी पॉलिसी बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच पैसे देते. साखर आटोक्यात राहते ती रोजच्या गोळीने, आणि तिचं बिल आता तुमच्याच खिशातून जाणार.

अमेरिकेत ओरेगॉन राज्याने 2008 मध्ये सरकारी विमा चक्क लॉटरी काढून दिला होता. दोन वर्षांनी विमा मिळालेल्यांच्या रक्तदाबात, साखरेत ठळक फरक दिसला नाही. नैराश्य आणि दवाखान्यापायी होणारी पैशांची ओढाताण मात्र कमी झाली. खासगी पॉलिसीकडूनही मी साखरेच्या बाबतीत याहून जास्त अपेक्षा धरणार नाही.

तरी पॉलिसी घ्या, आणि आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत वेटिंग पीरियड असू शकतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. ईएसआय चालू आहे तोवर त्यातले काही महिने उरकतील. फॉर्मवर मधुमेह लिहाच. 'कशाला लिहिताय, प्रीमियम वाढेल' म्हणणारा एजंट क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही. रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा. 5,000 ची मर्यादा असताना 10,000 ची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मिळू शकतात.

आईंना फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत घालू नका, त्यांच्या वयाने सगळ्यांचा प्रीमियम चढेल. 70 च्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. आधार घेऊन ते काढून आणा. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनाही आहे, फक्त ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी.

आणि वहिनींच्या गोळ्या जूनपर्यंत ईएसआयमधूनच आणत राहा. बाहेर त्याच गोळ्या कितीला पडतात ते केमिस्टला आजच विचारून ठेवा, प्रीमियमचं बजेट त्यानंतर ठरवू.